एकाच मापाच्या दोन गोळ्या

मित्रांनो, माझ्या दस्त्याला तडा गेला आहे आणि त्यावर मूसच्या कातड्याची वादी करकचून बांधली आहे. जिथे जिथे माणसाचा हात लागतो, तिथला माझा निळा-काळा रंग कधीच उडाला. अशी ही मी म्हातारी शिकारी बंदूक, अलास्कात युकॉन नदीच्या काठी, लविनाच्या घरात दाराशेजारच्या खुंटीवर राहते.

माझा जन्म फार दूरच्या एका कारखान्यात झाला. पोलादाची नळी, अक्रोडाचा दस्ता, आणि तेलाचा वास. मालवाहू पडावात बसून मी नदीने या गावच्या दुकानात आले. लविनाचे वडील क्लेमंट हिवाळा संपल्यावर कातडी घेऊन दुकानात आले, तेव्हा भिंतीवर माझ्याहून देखण्या बंदुका होत्या. क्लेमंटनी आमच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. त्यांनी काडतुसांच्या फळीकडे बोट केले.

"यातली कुठली काडतुसं तुझ्याकडे कधी संपत नाहीत?"

दुकानदार हसला. "ही काय, साधी. नदीकाठच्या प्रत्येक गावात मिळतील."

"मग ही ज्या बंदुकीत बसतात ती काढ."

अशी मी त्यांच्या घरी आले. वर्षानुवर्षे मी त्या घराला मांस दिले. मूस हे जनावर घोड्याहून थोराड, आणि नराची शिंगे परातीसारखी पसरट. पण क्लेमंट अगदी जवळ जाईपर्यंत थांबायचे, श्वास सोडायचे आणि एकच गोळी झाडायचे. "क्लेमंटची बंदूक खोटं बोलत नाही," असे गावात म्हणत. एकदा बर्फावर ते घसरले, मी दगडावर आदळले आणि माझा दस्ता तडकला. त्यांनी स्वतःच्या पायाकडे बघायच्या आधी मला उचलून पाहिले. ओली वादी गुंडाळून ती चुलीजवळ वाळवली. ते गेल्यावर मी लविनाची झाले. तिचा खांदा माझा धक्का ओळखतो, आणि मी तिचा खांदा.

ज्या शरदाची गोष्ट मी सांगते आहे, त्याच्या आदल्या हिवाळ्यात लविनाची आई, सेलिना, वारली. आमच्याकडे माणूस गेल्यावर पुढच्या वर्षी मोठे जेवण घालतात. नदीच्या वरच्या-खालच्या गावांतून लोक येतात. त्या जेवणात मूसच्या मांसाचे सूप नसेल, तर जेवण झाले असे कोणी म्हणत नाही. आणि शिकारीचा हंगाम संपत आला तरी लविनाच्या घरात मूसचा तुकडा नव्हता. नदी उतरली होती. सकाळी होडीच्या काठावर पांढरे हिव दिसू लागले होते. लविना रोज जायची आणि रोज रिकाम्या हाताने यायची. घरी येऊन ती मला पुसून खुंटीवर ठेवायची.

तेवढ्यात तिचा धाकटा भाऊ हार्डी विमानाने आला. तो उत्तरेला तेलाच्या विहिरींवर काम करतो. त्याच्या हातात एक लांबलचक पेटी होती.

"ताई, डोळे मीट."

"मासे चिरतेय. डोळे मिटले तर बोट जाईल. काय ते बोल."

त्याने पेटी उघडली. आत एक नवी कोरी बंदूक होती. चकचकीत, माझ्याहून लांब नळीची. "मॅग्नम!" हार्डी म्हणाला. "तुझ्यासाठी. आईच्या जेवणाला काही कमी पडायचं नाही आता."

लविनाने हात पुसले. तिने माझे एक काडतूस घेतले, त्या नव्या बंदुकीचे एक घेतले, आणि दोन्ही तळहातावर शेजारी ठेवली.

"गोळी तर सारखीच दिसते."

"गोळी एकाच मापाची. पण खालचं पोट बघ की! दारू केवढी मावते यात. तुझ्या म्हातारीची गोळी चालते ताई, ही पळते."

"आणि हे बुडाशी कडं कसलं?"

"मॅग्नमचं असतं तसं. या काठावरून त्या काठावरचा मूस आडवा होईल, बघच."

शेजारचे एल्मर काका दारात उभे राहून सगळे बघत होते. त्यांनी ते जाडे काडतूस हातात तोलले. "हार्डी, ही बंदूक आहे का होडीचं इंजिन? आणि हे गावच्या दुकानात मिळत नाही बरं का. संपली की काय करशील, फुंकर मारशील?"

"डबा भरून आणलीत, काका. उद्या संध्याकाळी मूस आणून दाखवतो, मग बोला."

एल्मर काकांनी काडतूस खाली ठेवले. आमच्याकडे असे बोलत नाहीत. जनावराबद्दल फुशारकी मारली, तर ते ऐकते आणि दूर जाते, असे इथली माणसे मानतात.

"असं बोलू नये," लविना हळूच म्हणाली. "इतकं पण विसरलास का तिकडे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दोघे होडी घेऊन निघाली. वाटेत वाळूच्या बेटावर हार्डीने नेमासाठी एक रिकामा डबा ठेवला. मी होडीला टेकून उभी होते. लविनाने मॅग्नम खांद्याला लावली. आवाज असा झाला, की नदीपलीकडचे कावळे उठले. लविना अर्धे पाऊल मागे गेली. तिने पुन्हा एकदा नेम धरला, आणि मी पाहिले, चाप ओढण्याआधीच तिचे डोळे मिटले होते. माझ्याबरोबर असे कधी झाले नव्हते. डबा जागच्या जागी राहिला.

"तूच चालव रे," तिने बंदूक परत दिली. "माझा खांदा हिला भ्यायला."

"सवय होईल."

"होईल. पण आजच्या आज नाही होणार."

मग हार्डीने झाडली. पहिली गोळी डब्याला लागली आणि तो हसला. पण पुढच्या वेळी त्याचाही गाल धक्क्याआधीच आवळला गेला. माणूस तोंडाने काहीही म्हणो, बंदुकीला गाल कळतो. हार्डीने मात्र डबा उचलला आणि "चला" म्हटले. मला त्याने ताडपत्रीखाली, पेट्रोलच्या डब्यांशेजारी सरकवले. मित्रांनो, खरे सांगते, मला वाईट वाटले. इतकी वर्षे मी त्या होडीच्या पुढच्या फळीवर बसत आले होते.

दुपारी, एका वळणावर, लविनाने इंजिन बंद केले. पलीकडच्या वाळूवर एक मोठा नर मूस उभा होता. तो डोके वर करून वाऱ्याचा वास घेत होता.

"जवळ जाऊ," लविना पुटपुटली. "प्रवाहाबरोबर होडी वाहू दे. त्याला कळणार नाही."

"तोवर जाईल तो. इथून मारतो की."

"हार्डी, थांब."

पण त्याचा चाप ओढून झाला होता. होडी हलत होती, त्याचा गाल आवळला होता, आणि गोळी जिथे जायला हवी त्याच्या खूप मागे, पोटात गेली. मूस कमानीसारखा वाकला आणि धावला. हार्डीने मागोमाग आणखी गोळ्या झाडल्या. त्या नुसती वाळू उडवून गेल्या. मूस विलोच्या दाट झुडपांत शिरला. मग काहीच दिसेना.

तिने होडी काठाला लावली. हार्डी घाईने उडी मारायला गेला, त्याचा पाय फळीवरच्या काडतुसांच्या डब्याला लागला, आणि डबा पाण्यात पडला. आमच्या नदीचे पाणी म्हणजे चहासारखे गढूळ. त्याने कोपरापर्यंत हात घालून चाचपले. हातात चिखल आला. बंदूक तर त्याने आधीच रिकामी केली होती.

लविनाने ताडपत्री बाजूला केली आणि मला बाहेर काढले.

ती लगेच आत शिरली नाही. पोटात गोळी लागलेल्या जनावरामागे लगेच धावले, तर ते फार दूर जाते. दोघे काठावर बसून राहिली. झुडपांतून अधूनमधून एक जड, ओला श्वास ऐकू येत होता. प्रत्येक श्वासाला हार्डी मान खाली घालत होता.

"ताई, मला वाटलं होतं—"

"आत्ता नको."

थोड्या वेळाने ती होडी बांधायला गेली आणि तिथेच थबकली. वाळूत ताजे ठसे होते. रुंद तळवा, पुढे लांब नखांच्या रेघा. आमच्याकडे बायका त्या प्राण्याचे नाव तोंडाने घेत नाहीत; मी बंदूक, म्हणून सांगते, ते अस्वल. लविना एवढेच म्हणाली, "तो मोठा इथेच आहे कुठेतरी. आता थांबून चालणार नाही. रक्ताचा वास त्यालाही लागला असेल."

झुडपे अशी दाट होती की हात लांब केला तर बोटे दिसेनाशी व्हावीत. लविना पुढे, हार्डी मागे. पानांवर रक्त होते, काळसर. मी तिच्या हातात होते आणि तिच्या मनगटाची नाडी मला माझ्या लाकडात जाणवत होती.

पुढे फांदी मोडली. काहीतरी मोठे हलले.

त्याच क्षणी लविनाच्या मागे खट् असा आवाज झाला. बंदूक भरून बंद केल्याचा आवाज. रिकाम्या बंदुकीचा आवाज वेगळा असतो. लविनाने मागे न बघता विचारले.

"काय घातलंस आत?"

"तुझं काडतूस. होडीत पिशवीत होती, मूठभर उचलली." हार्डी कुजबुजला. "बसलं की नीट! माप एकच आहे ना."

"उघड."

"ताई, समोर बघ, काहीतरी येतंय—"

"उघड म्हणते ना!"

पुन्हा फांदी मोडली, या वेळी जवळ. आणि लविनाने त्या आवाजाकडे पाठ केली. मित्रांनो, मी क्लेमंटचे धाडस पाहिले आहे, पण असे नाही. समोर काय आहे ते ठाऊक नसताना ती मागे वळली आणि हार्डीच्या बोटांवर आपला हात घट्ट दाबून म्हणाली, "गोळी एकाच मापाची असली, तरी माझं काडतूस बारीक आहे. तुझ्या बंदुकीत ते सैल बसलंय. चाप ओढलास तर फुटून मागे येईल, तुझ्या डोळ्यांत. आईच्या जेवणाला मी आंधळा भाऊ घेऊन जाऊ?"

हार्डीने खटका मागे ओढून बंदूक उघडली. माझे काडतूस घरंगळून चिखलात पडले.

लविना वळली. झुडपे फाकली आणि मूस पुढे आला. त्याची मान खाली होती, कान मागे पडले होते, आणि तो थेट आमच्याकडे येत होता. शिंगांना अडकलेली पाने मला दिसली. लविनाने मला खांद्याला लावले. तिचा गाल माझ्या दस्त्यावर टेकला, मऊ, सैल. तिने श्वास सोडला. तिचे डोळे उघडे होते.

मी एकदाच बोलले.

मूस पुढच्या पायांवर बसला आणि मग कुशीवर कलंडला. लविना जवळ गेली. तिने त्याच्या कपाळावर हात ठेवला. "दमलास ना रे," ती म्हणाली. "झालं आता."

ती दोघे मांस कापत असताना गवत हलले आणि एक रुंद तपकिरी डोके वर आले. हार्डीच्या हातातली सुरी थांबली. मी लविनाच्या हाताशी होते आणि भरलेली होते. तिने मला उचलले, पण नेम धरला नाही. ती त्याच्याकडे सरळ बघतही नव्हती. खाली पाहत, घरातल्या वडीलधाऱ्यांशी बोलावे तसे ती म्हणाली, "आम्ही गरीब माणसं आहोत. आईच्या जेवणासाठी घेतोय. तुमच्या वाटचं ठेवून जातो. आमच्यावर रागावू नका."

ते डोके बराच वेळ तसेच होते. मग गवत मिटले. त्यांनी मांस होडीत नेले, आतडी आणि बरगड्यांचा एक भाग तिथेच ठेवला. होडी मधल्या धारेला लागली. मग हार्डी रडायला लागला. लविनाने सुकाणूवरचा एक हात काढून त्याच्या पाठीवर ठेवला आणि तो गावापर्यंत तसाच राहू दिला.

सेलिनाचे जेवण झाले. मोठमोठ्या पातेल्यांत सूप उकळले, तळलेल्या भाकरी झाल्या, सुके मासे झाले. हार्डी स्वतः वाढत फिरत होता. एल्मर काकांनी वाटी पुढे करून डोळे मिचकावले.

"वा! मॅग्नमचं सूप झकास झालंय."

"मॅग्नमचं नाही, काका. हे म्हातारीचं आहे."

सगळे हसले. हार्डीसुद्धा हसला, पण वाढताना त्याने मान वर केली नाही.

मॅग्नम वाईट होती असे मी म्हणणार नाही. तिच्यात माझ्यापेक्षा जोर आहे, हे खरेच आहे. पुढचा सगळा उन्हाळा हार्डी सुट्टीवर आला की त्या वाळूच्या बेटावर पालथा पडून सराव करायचा. थोड्या गोळ्या, मग विश्रांती, मग पुन्हा थोड्या. गाल सैल राहायला लागला, तेव्हाच त्याने तिला उत्तरेच्या उघड्या माळावर नेले. तिथे झाडे नाहीत, जनावर येणाऱ्याला लांबूनच पाहते, जवळ जाऊ देत नाही. तिथे तिची लांब पल्ल्याची गोळी कामाची. तिथून त्याने एका गोळीत मारलेल्या कॅरिबूचे, म्हणजे तिकडच्या मोठ्या हरणाचे, मांस ताईला पाठवले. इथल्या झुडपांत मात्र अजून मीच जाते.

मित्रांनो, आता माझी नळी झिजली आहे. कधीतरी लविना मला खुंटीवरून काढणार नाही, हे मी जाणून आहे. तोवर तुमच्याकडे एक मागणे आहे. कधी एखादे जोरदार, मोठे हत्यार हातात आले, मग ते कुठलेही असो, तर ते किती लांब मारते हे विचारण्याआधी तुमचा खांदा त्याला पेलतो का, ते पाहा. त्यात काय घालायचे आणि काय नाही, ते घाईत नव्हे, आधी शिकून घ्या. पुसा, जपा, वेळ द्या. आणि जोवर डोळे उघडे ठेवता येत नाहीत, तोवर चापावरचे बोट मागे घ्या. कारण चुकलेल्या गोळीचा धक्का खांद्याला बसतो तो संध्याकाळपर्यंत ओसरतो. पण त्या दुपारी विलोच्या झुडपांत एक जनावर पोटात गोळी घेऊन उभे होते, आणि त्याचा प्रत्येक श्वास आम्ही काठावर बसून ऐकत होतो. तसे कोणाला उभे राहावे लागू नये.