सान्नाच्या अंगावरची फुलं

आब्राम ब्यूकसच्या बायकोला, सान्नाला, ईस्टरच्या आठवड्यात पुरलं. दक्षिण आफ्रिकेतल्या नामाक्वालँडमध्ये ऑगस्ट आला आणि तिच्या कबरीवर केशरी फुलांचा नुसता कहर झाला. उकरलेल्या मातीत ही फुलं सगळ्यात दाट येतात. बाकीच्या कबरींवर पांढऱ्या दगडांचे ढीग होते. हिची माती अजून बसायची होती, म्हणून दगड वर्षभरानं रचायचे होते. तोवर लाकडी क्रूस.

जुनं कबरस्तान आता रानफुलांच्या राखीव उद्यानाच्या कुंपणात गेलेलं. फुलांचा मोसम, फाटकाशी गाड्याच गाड्या. आब्राम आत आला, तर कबरीवर टोपीवाली एक बाई आडवी पडलेली आणि नवरा फोटो काढतोय.

"आजोबा, जरा बाजूला व्हा ना. सावली पडतेय तुमची."

"क्रूस कुठाय इथला?"

"ती फळी? फोटोत मध्येच येत होती. ठेवलीय तिकडे झुडपामागं."

आब्राम बाईच्या डोक्याशी जाऊन उभा राहिला. "ऊठ," तो म्हणाला. "माझी बायको आहे खाली."

बाई किंचाळून उठली. "अहो, मग पाटी तरी लावायची!"

"लावली होती. तुम्ही फेकलीत."

नवरा बायकोला ओढत गाडीकडे घेऊन गेला. मागं दुसरं जोडपं कॅमेरा काढून उभंच होतं. जागा मोकळी व्हायची वाट बघत.

आब्राम गुडघ्यांवर बसला आणि मुठीमुठीनं फुलं उपटू लागला. मुळासकट. उद्यानाची रखवालदार लिस्बेट धावत आली. ती सान्नाची भाची.

"काका, काय करताय! इथं फूल तोडलं तर दंड आहे."

"लाव दंड."

"मावशीला किती आवडायची ही फुलं!"

"तिला आवडायची म्हणून लोकांनी तिच्यावर लोळायचं? तू फाटकावर काय करत होतीस? पोटावर बसले तिच्या!"

लिस्बेट वळली. झुडपामागून क्रूस घेऊन आली आणि खाली मान घालून उभी राहिली.

"मी रोवते, काका."

"हात लावू नकोस."

त्यानं क्रूस स्वतः रोवला, दगडानं ठोकला. भोवती चौफेर केशरी रान, मधे तेवढीच उघडी माती. सान्नाच्या उशाशी तो पाय पसरून बसला. कॅमेरावाल्या जोडप्याकडे बघत ओरडला, "या! काढा आता फोटो!"

कोणी पुढं आलं नाही. उन्हं उतरली, फुलं मिटली, गाड्या गेल्या. आब्राम उठला नाही.