नीलांबरीकाकूंचा पार्किंग लॉट

मी पार्किंग लॉट बोलतोय. हो, नुसतं डांबर. पण नाक मुरडू नका. अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हायजवळच्या एका गावाच्या जुन्या डाउनटाउनमध्ये, बंद पडलेल्या डिपार्टमेंट स्टोअरच्या मागे मी पसरलोय. एके काळी शनिवारी माझ्याकडे गाडी लावायला जागा मिळायची नाही. मग हायवेवर मॉल आला, गिऱ्हाइकांनी पाठ फिरवली आणि मी ओसाड पडलो.

ते पथ्यावर पडलं मराठी मंडळींच्या. धडकायला इथे काहीच नाही, म्हणून नवरे बायकांना गाडी शिकवायला आणायचे आणि भांडून परत न्यायचे. पुण्याहून आलेल्या नीलांबरीकाकू पहिल्या दिवशी सवयीने उजवीकडे जाऊन बसल्या आणि स्टिअरिंग शोधू लागल्या. मला पोट असतं तर मी ते धरून हसलो असतो.

पण शिकल्या. पुढे वीस वर्षं इथे नव्याने आलेल्या कितीतरी सुना आणि विद्यार्थिनी त्यांच्याच हाताखाली तयार झाल्या. कोणी ब्रेकऐवजी भलतंच दाबलं तरी काकू आवाज चढवत नसत. "होतं गं, परत एक राउंड मारू," म्हणत. तेवढं ऐकायला मी रविवारची वाट बघायचो. फार सुखाचे दिवस होते ते.

आता माझ्या जागी पाच मजली इमारत येतेय. खाली किराणा, औषधं, कॉफी; वर घरं. डाउनटाउन पुन्हा गजबजणार म्हणे. सोमवारी खणायला सुरुवात.

काकांना जाऊन तीन वर्षं झाली. काकूंचे डोळे अधू झाले, गाडी चालवणं सुटलं. दुकान घरापासून चार मैल. दुधासाठीसुद्धा मुलाची, ईशानची, वाट बघायची. काल तोच त्यांना इथे घेऊन आला. आपल्याकडे राहायला चल म्हणून तो महिनाभर मागे लागलाय. काकूंनी मात्र इथल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरासाठी नाव नोंदवलंय.

"आई, एकटी कशी मॅनेज करशील?"

"तुझ्या गाडीची वाट बघत घरात बसते ना, तेव्हा मी जास्त एकटी असते रे."

काकू गाडीतून उतरल्या आणि सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेल्या. ईशानने हात पुढे केला, तो त्यांनी धरला नाही.

मला जायचं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण खुशाल खणा. फक्त तिथे राहायला येणाऱ्यांनो, एवढं करा: बर्फ पडला की काकूंसाठी इमारतीच्या दारापासून दुकानाच्या दारापर्यंतची वाट आधी मोकळी करा.