बापाची आई

बापाने आईचा दात पाडला तेव्हा मी दारात बसून कुत्र्यांसाठी सीलचं मांस तोडत होतो. दात घरंगळत माझ्या बुटापाशी आला.

कारण काय, तर फोन. आई फोनवर डॅनिश बोलत होती, बाहेरून आलेल्या साहेबांची भाषा. ती दुकानात काम करते, तिला येतं. बापाला त्यातलं ओ की ठो कळत नाही. मलाही नाही, म्हणून तर शाळा सुटली. मास्तर डॅनिशमध्ये काहीतरी बोलून हसला आणि मी त्याच्यावर खुर्ची फेकली. बापाच्या डोक्यात मात्र एकच. आई डॅनिश बोलते म्हणजे दुकानाच्या मॅनेजरशीच गुलूगुलू चाललंय.

"कोणाशी हसत होतीस?" तो म्हणाला. "आपल्या भाषेत सांग."

तिने सांगितलं, शाळेशी. त्याने तिचे केस धरले आणि डोकं शेगडीवर आपटलं. मग पुन्हा आपटलं.

मला तो मारत नाही. कधीच मारलं नाही. मी जन्मायच्या थोडंच आधी त्याची आई वारली, कुपानुक. तिचं नाव मला दिलं. आमच्यात मेलेल्याचं नाव दिलं की ते माणूसच परत येतं, म्हणजे ती मीच. बाप मला आनाना म्हणतो, म्हणजे आई. सील मारला की गरम काळजाचा पहिला तुकडा माझा. गावातल्या म्हाताऱ्या मला विचारतात, गुडघे कसे आहेत गं, आणि मी म्हणतो, दुखतात. त्या खुश होतात. बापाला मात्र मी कधी 'पोरा' म्हटलं नाही. लाज वाटायची.

बर्फ फोडायची लाकडी दांड्याची पहार दाराला टेकून होती. ती घेऊन मी आत गेलो आणि दांड्याने त्याच्या खांद्यावर हाणलं. तो मूठ उगारूनच वळला. मी दिसलो तशी मूठ खाली आली.

मी कानावर हाणलं. कान फाटला. तो गुडघ्यांवर बसला, हात मांडीवर ठेवून, शिक्षा झालेल्या पोरासारखा.

"चुकलो, आनाना."

तो हात वर करेना. म्हणून मला आणखी चेव आला. पाठीत हाणलं, बरगडीत हाणलं, आतून काहीतरी कडकन वाजलं. खरं सांगतो, बरं वाटत होतं. मग मी पहार उलटी केली, लोखंडी टोक पुढे.

आई शेगडीपाशी बसली होती, हनुवटीवरून रक्त गळत होतं. तिने मला धरायला हात पुढे केला नाही.

"शाळेत तुला परत घेतायत," ती म्हणाली. "त्याचाच फोन होता. आता तुला जेलमध्ये जायचंय का?"

बाप मान खाली घालून वाट बघत होता. मारलं असतं तर त्याने मारून घेतलं असतं.

मी पहार खाली टेकवली.

"पोरा," मी म्हणालो. "ऊठ. बंदूक इथेच राहू दे. घसरगाडीला कुत्रे जोड आणि शिकारीच्या झोपडीवर जा. मी बोलावल्याशिवाय या घरात पाय टाकायचा नाही."

तो उठला. मी तोडलेलं सीलचं मांस त्याने गाडीवर टाकलं, एका हाताने, दुसरा बरगडीवर दाबून. कुत्रे जोडले आणि खाडीच्या बर्फावर गेला.

मधेच गाडी थांबवून त्याने मागे पाहिलं. जेवायला हाक मारतील म्हणून पोरं बघतात, तसं.

मी हाक मारली नाही. दात उचलला, पुसला आणि आईच्या हातात दिला.