डोंगरावरचं क्रॉसिंग

परीक्षेच्या दिवशी सकाळपासून ड्रायव्हरचा पाय एका जागी ठरत नव्हता. चहासुद्धा त्याने उभ्याउभ्याच घेतला.

बायको म्हणाली, "अहो, बसा तरी. खुर्चीत बसायचीच परीक्षा आहे ना?"

"तेच तर," म्हणत तो खिडकीपाशी गेला.

खिडकीतून डोंगर दिसत होता आणि डोंगराच्या पोटावरून चढलेला दातेरी रूळ. उमेदीची सगळी वर्षं त्याने याच रुळावरून पर्यटकांची गाडी वर नेली, खाली आणली. आता ती बंद होणार होती. पर्यटकांना धक्के खात चढायला वेळ नव्हता, त्यांच्यासाठी दरीवरून रोपवे टांगला होता. रोपवे चालवायच्या परीक्षेत पास झाला तर तो इथे राहणार, नाहीतर बदली, पार खालच्या सपाटीवरच्या यार्डात. बायकोचं कॅन्टीन वरच्या स्टेशनावर. नापास झाला तर एक चूल वर आणि एक खाली, हे दोघांना ठाऊक होतं. विषय मात्र कुणीच काढत नव्हतं.

खालच्या स्टेशनात काचेच्या खोलीत त्याला बसवलं. समोर एक दांडा, थोडी बटणं, एक फोन. दांडा पुढे ढकलला की केबिन चालणार, मागे ओढला की थांबणार. इतकं सोपं होतं म्हणूनच त्याचा जीव जास्त खालीवर होत होता. इंजिनात चढ बुडाला कळायचा, दाते रुळात नीट बसले की पायाला कळायचं. इथे खुर्ची ढिम्म, फरशी ढिम्म आणि सगळा कारभार लांब तिकडे हवेत.

त्याचा मेहुणा गाडीवर गार्ड होता. सगळे त्याला शिट्टीच म्हणत. रोपवे चालवायची परीक्षा तो आदल्या दिवशीच पास झाला होता. आज परीक्षक बाईंबरोबर केबिनमध्ये त्यालाच जायचं होतं.

"दाजी, इतका घट्ट नका धरू. दांडा काही पळून जात नाही."

"तू चढ गुपचूप."

केबिन निघाली, तशी वरून दुसरी खाली यायला लागली. रहाटाला दोन बादल्या असाव्यात तशा त्या एकाच दोराला होत्या. एक चढली की दुसरी उतरणार. हे त्याने पाठ केलं होतं, झोपेतही म्हणून दाखवलं असतं.

दरीच्या मध्यावर दोन्ही समोरासमोर आल्या आणि त्याच्या हाताने दांडा मागे ओढला.

रेल्वेत तसंच होतं. रूळ एकेरी. मधल्या स्टेशनात चढणाऱ्या गाडीने बाजूला थांबायचं, उतरणारीला वाट द्यायची, मग पुढे जायचं. सकाळपासून पहिल्यांदाच त्याची पाठ खुर्चीला टेकली. तो वाट बघू लागला. उतरणारी काही येईना. "झोपला की काय वरचा!" तो पुटपुटला. तेवढ्यात फोन वाजला.

"दाजी, का थांबलो?"

"क्रॉसिंग आहे ना. उतरणारी जाऊ दे आधी."

पलीकडून शिट्टी दबक्या आवाजात म्हणाला, "अहो, दोरच थांबवलाय तुम्ही. ती येणार कशी, पंख लावून?"

ड्रायव्हरने दांडा ढकलला, तोही जरा जोरातच.

"हळू, हळू! बाईंचा चष्मा पडला!"

फेरी संपवून दोघं खाली आले. शिट्टी आधी धावत आत शिरला. "वारा सुटला होता म्हणा. मी बाईंना तेच सांगितलंय. वाऱ्यात थांबवायचंच असतं."

मागोमाग बाई आल्या. "वारा होता म्हणे?"

नुसती मान हलवायची होती. मान हलली की बदली टळली. उद्या केबिन भरलेली असेल, पोरंबाळं असतील. आणि पुन्हा दोन्ही केबिन समोरासमोर येतील.

"वारा नव्हता, बाई. मी क्रॉसिंग दिलं."

शिट्टीने कपाळावर हात मारला.

"पुन्हा होईल असं?"

"सांगता येत नाही. हात मला विचारत नाही."

बाई हसल्या नाहीत. चष्मा पुसत म्हणाल्या, "खुर्ची तुम्हाला देता येणार नाही. ती यांना," त्यांनी शिट्टीकडे बघितलं. "केबिनमध्ये लोकांबरोबर जायला माणूस हवाय. दरवाजा लावायचा, घाबरलेल्यांना धीर द्यायचा. चालेल?"

"इथेच?"

"इथेच."

संध्याकाळी बायको कॅन्टीनमधली भांडी आवरत म्हणाली, "राहिलात ना इथे? मग तोंड का असं?"

"तुझा भाऊ चालवणार आता मला."

"चालवू दे की. इतकी वर्षं मी चालवलं, तेव्हा कुठे तक्रार होती?"

तो हसला, पण बसला नाही.

रोपवे सुरू झाला त्या दिवशी केबिन खचाखच भरली होती. लोक काचेला नाकं लावून फोटो काढत होते. मध्यावर दुसरी केबिन समोर आली आणि त्याचा हात आपोआप उचलला गेला. हवेत काहीच सापडेना, म्हणून त्याने दरवाजाचा दांडा धरला.

शेजारच्या आजींचं लक्ष होतं. "काय हो, याला ब्रेक कुठे असतो?"

"खाली. माझ्या मेहुण्याच्या हातात."

"भरवशाचा आहे ना?"

"बायकोचा भाऊ आहे," तो म्हणाला. "नाही कसं म्हणू?"

आजी खळखळून हसल्या. उतरणारी केबिन शेजारून सरकन निघून गेली, कुणी कुणासाठी थांबलं नाही. ती पार खाली पोचेपर्यंत तो मान वळवून बघत राहिला. मग गर्दीतून वाट काढत या खिडकीपासून त्या खिडकीपाशी गेला आणि तिथूनही परत फिरला.