बाटलीचे वाटे आणि अबोला

वहिनी आणि नणंद एकाच प्रयोगशाळेत, आणि दोघींचा अबोला. कारण काय, तर फ्रीझर आवरताना वहिनीने नणंदेच्या चार-दोन बिननावाच्या कुप्या फेकून दिल्या. फ्रीझर वहिनीच्या ताब्यात. ज्यावर नाव नाही, ते तिच्या लेखी कचरा.

मधल्यामध्ये सरांचं मरण.

"सर, वहिनीला सांगा, मला बारीक पिपेट हवीय."

"सर, तिला सांगा, नाकासमोर आहे."

"मी काय पोस्टमन आहे?" म्हणत सर फोन घ्यायला बाहेर पळाले. फोन वाजला तरी होता का, देव जाणे.

बर्फात रोवलेली अँटिबॉडीची इवलीशी बाटली मात्र खोळंबली. कंपनीने ती बनवणंच बंद केलेलं. ही शेवटची, आणि नणंदेचा प्रबंध तिच्यावरच अडलेला. सबंध गोठवली, तर दर प्रयोगाला वितळवावी लागणार, आणि दोन-चारदा तसं झालं की ती कामातून गेली. म्हणून आधीच लहान लहान वाटे करायचे. त्यात वहिनीचा हातखंडा. नणंदेचा हात थरथरायचा.

पण आपण आधी बोलायचं नाही, असा वहिनीने नेमच धरलेला. ती पाठमोरी राहून पुसलेलंच टेबल पुसत बसली.

सर काही फिरकेनात.

"राहू दे, सबंधच ठेवते!" नणंदेने हवेला ऐकवलं आणि बाटली उचलून फ्रीझरचं दार उघडलं.

"अगं ए शहाणे! वर्षभराची मेहनत घालवतेस की काय? आण इकडे!"

नणंदेचे डोळे चमकले. "वहिनी, आधी तू बोललीस!"

"बोलले कुठे? ओरडले."

मग वहिनीने पिपेटने थेंब थेंब मोजून वाटे घातले. नणंदेने झाकणं लावली आणि प्रत्येक कुपीवर ठळक नाव घातलं.

"एवढं मोठं? आंधळ्यालाही दिसेल."

"फेकणाऱ्यालाही दिसावं म्हणून."

वहिनीचं तोंड फुगलं. तेवढ्यात सर दारातून डोकावले.

"सर, हिला सांगा, जिभेला जरा—"

नणंदेने फ्रीझरच्या दारावर चिकटवलेल्या कागदावर बोट ठेवलं. "वहिनी, वाच."

'एकदा वितळलेलं पुन्हा गोठवू नये.'

वहिनीने वाचलं. अक्षर तिचंच होतं.