घरटी दोन पिंपं

डिंभे धरणाचं पाणी चढलं, खालची शेतं बुडाली आणि टेकाडावरच्या वाडीचं बेट झालं. काठाला ये-जा करायला वाडीने तराफा बांधला. घरटी दोन पिंपं, वर बांबू. नियम एकच: वाडी सोडून जाणाऱ्याने आपली पिंपं न्यावीत, बाकीच्यांनी तोंड वाकडं करू नये. वाडी सोडून कोण कशाला जाईल, असं तेव्हा सगळ्यांना वाटत होतं. मोठी शहाणी माणसं! बघता बघता घरं उठली, तराफा आखडत गेला, आणि शेवटी दोनच घरं उरली. एक सोमनाथचं, दुसरं त्याच्या चुलत्याचं, म्हस्कूनानाचं.

लेकीच्या, दिशाच्या शाळेसाठी सोमनाथने जुन्नरला खोली घेतली. नानानेच त्यांना सामानासकट काठाला आणलं आणि मग गुडघाभर पाण्यात उभा राहून तो पिंपांच्या गाठी सोडायला लागला.

"राहू द्या की नाना," हे सोमनाथच्या ओठांवर आलं होतं. पण जुन्नरला नळ दिवसाआड यायचा, आणि पिंपं कुठे ठेवायची ते बायकोने आधीच ठरवलं होतं.

"तुजीच हायेत. ने," नाना म्हणाला.

उरलेल्या दोन पिंपांवर म्हातारा एकटाच परत निघाला. त्यावर दुसरं माणूस मावत नव्हतं. उद्या तानूबाई आजारी पडली, तर नाना बायकोला काठाला आणणार कसा? सोमनाथला हे सगळं तेव्हाच कळत होतं. तरी एसटी आली आणि तो चढला.

जुन्नरला अंघोळीसाठी पिंपात तांब्या बुडवताना त्याला स्वतःची लाज वाटायची.

"अवं, आपलीच हायेत ना?" बायको म्हणायची.

आपलीच होती. पण म्हणून काही मन ऐकत नव्हतं.

दिवाळीच्या तोंडावर त्याने पिंपं रिकामी केली, बायकोची बोलणी खात टेम्पोत घातली आणि धरणाचा काठ गाठला. बघतो तर काठावर नाना आणि तानूबाई बोचकी घेऊन बसलेली. मेंढरं विकून, कुणा मासे धरणाऱ्याच्या होडीतून ती आली होती. आता अवसरीला, लेकीकडे निघाली होती. जावयाच्या घरी कधी एक रात्र न काढलेला माणूस!

"नाना, पिंपं आणलीत. माघारी चला, तराफा बांधून देतो."

"आता कुनासाठी रं, सोमा?" तानूबाई म्हणाली.

नाना गुडघ्यांवर हात टेकून उठला. मग पुतण्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "तुज्यामुळं न्हाई बरं का. आमालाच कटाळा आला व्हता."

सोमनाथने तसं काही विचारलंच नव्हतं.