उजव्या नाकपुडीतली नथ

फूलबागेजवळच्या मांडवात त्या गुरुवारी पाय ठेवायला जागा नव्हती. छत्तीसगड वेगळं निघून महिना-दीड महिना झाला होता आणि सरकारी नोकरांची वाटणी चालू होती. कोण इथं राहणार, कोण रायपूरकडे जाणार, याच्या याद्या लागल्या होत्या. ज्यांची नावं तिकडच्या यादीत निघाली ते बहुतेक सगळे या मांडवात येऊन बसले होते, आणि समोर चंदेरी खुर्चीत तरंगनाथ महाराज बसले होते.

"आँख धोखा खाती है, कैमरा नहीं खाता!" महाराज गरजत होते. "माई की तरंग लेंस पकड़ता है! जिसके फोटो में माई आ गई, उसको सरकार क्या, सरकार का बाप नहीं हिला सकता!"

रीत अशी होती. महाराजांशेजारी बसून फोटो काढून घ्यायचा, यथाशक्ती दक्षिणा ठेवायची, दुसऱ्या दिवशी पाकीट न्यायला यायचं. ज्याचं नशीब उघडलं त्याच्या फोटोत उजव्या कोपऱ्यात एक पांढुरकी, धुरकट बाई उभी असे. नऊवारी लुगडं, कपाळावर चंद्रकोर, नाकात नथ. ती म्हणे दक्खिनवाली माई. दक्षिणा बेताची असली की माईलाही यायला सवड नसे, पण हे कुणी बोलत नव्हतं. मराठी कारकून तिला पाहून लहान पोरांसारखे रडत होते.

सरोजिनी मागे चपलांच्या ढिगाशी उभी होती. तिला इथं यायचंच नव्हतं. नया बाजारातल्या स्टुडिओत दिवसभर कॉम्प्युटरवर फोटोंच्या चौकटी करायच्या, कुणाला मोरपिसांची, कुणाला गुलाबांची, कुणाला ताजमहालाची, आणि संध्याकाळी डोळे चोळत घरी जाऊन पडायचं, एवढीच तिची इच्छा असे. पण दादानं ओढून आणलं होतं. लक्ष्मीकांत तिचा थोरला भाऊ, सिंचन खात्यात कारकून. यादीत त्याचं नाव होतं, आणि घरी शामलावहिनी मणक्याच्या ऑपरेशननंतर तीन महिने अंथरुणावर होती.

"सरू, आली! माई आली बघ!" पाकीट फोडून तो ओरडला.

सरोजिनीनं फोटो पाहिला आणि तिला एकदम दमल्यासारखं झालं. माईची नथ उजव्या नाकपुडीत होती. पदरही उजव्या खांद्यावर होता. मराठी बाई एक वेळ देवी होईल, पण नथ उजवीकडे घालायची नाही.

ही नथ तिनंच उजवीकडे नेली होती. दिवाळीच्या आधी एका गिऱ्हाइकानं चौकट मागितली होती: खालच्या दोन्ही कोपऱ्यांत मराठी बाई, फिकट, धुक्यासारखी. हळदीकुंकवाच्या कार्डासाठी असेल, असं तिला वाटलं. तिनं डाव्या कोपऱ्यासाठी एक बाई केली आणि उजव्यासाठी तीच उलटी फिरवली, आरशात दिसते तशी. चौकट करणारे सगळे हेच करतात, अर्धं काम वाचतं. डाव्या कोपऱ्यात महाराजांची खुर्ची येत होती, म्हणून उलट्या बाईचीच माई झाली. महाराजांच्या माणसांनी जन्मात कधी मराठी नथ नीट पाहिलेली नसावी.

"महाराज, याची निगेटिव्ह बघायला मिळेल?" तिनं मोठ्यानं विचारलं. वरून चिकटवलेली बाई निगेटिव्हवर असणार नव्हती.

"बेटी, निगेटिव में काला सफेद हो जाता है, सफेद काला. माई को काला देखेगी तू?"

मांडवात टाळ्या पडल्या. दादानं तिचा हात धरून तिला बाहेर काढलं.

"तू आक्षेपाचा अर्ज दिलास का?" तिनं रस्त्यात विचारलं.

"नाही. महाराज म्हणाले, माईला विचारलं की मग सरकारला विचारायचं नाही. भरोसा तुटतो."

"अरे, उद्या पाचला अर्जांची खिडकी बंद होते! वहिनीला घेऊन कुठं जाशील तू?"

"होऊ दे ना बंद. माई आहे."

दुसऱ्या दिवशी स्टुडिओचे मालक शेठजी यायच्या आत तिनं त्याला स्टुडिओत नेलं. गिऱ्हाइकाचं काम दुसऱ्याला दाखवलं हे कळलं असतं तर नोकरी गेलीच असती. तरी तिनं कॉम्प्युटर लावला.

"हा तुझा फोटो, खाली. याच्यावर काच ठेवावी तसा हा दुसरा थर. या थरावर फक्त बाई आहे." तिनं बटण दाबलं, माई गेली. पुन्हा दाबलं, माई आली. मग तिनं दूधवाल्यानं काढून घेतलेला म्हशीचा फोटो उघडला आणि माईला तिथं उभं केलं. "घे. हिची बदली रद्द."

दादा हसला नाही. तो म्हणाला, "माईनंच तुझ्या हातून करवून घेतलं असेल."

सरोजिनीला रडावंसं वाटलं. झोपलेल्याला उठवता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला कसं उठवायचं? तिनं त्याला स्कूटरवर बसायला लावलं आणि दाल बाजारात आणलं, विजयाबाईंच्या दारात. विजयाबाई पापड लाटून विकत. त्यांनी आपला लग्नातला जुना फोटो डाग काढायला स्टुडिओत दिला होता. चौकटीसाठी नऊवारीतली बाई सरोजिनीनं त्यातूनच उचलली होती, न विचारता.

विजयाबाईंनी पीठ झटकून चष्मा लावला आणि दादाचा फोटो हातात घेतला. "अगं बाई, ही तर मी! पण नथ उजवीकडे कोणी घातली मेल्यानं?"

"चुकलंच माझं, काकू. पण दादाची बदली थांबवता का तेवढी?"

"मी? दोन दिवसांपासून नळाला पाणी नाही येत, ते तरी आणता आलंय का मला?"

दादा ओट्यावर बसला. "मला कुठंतरी कळत होतं, सरू," तो खाली बघत म्हणाला. "पण शामलाला रोज काय सांगू? भीती वाटत होती गं. काल फोटो दाखवला तर ती रात्री झोपली तरी."

सरोजिनीचा राग तिथंच संपला. घरी जाऊन त्यांनी डॉक्टरांचं सर्टिफिकेट शोधलं, अर्ज लिहिला, आणि सव्वाचारला त्यावर शिक्का पडला.

"नामंजूर झाला तर?" दादानं विचारलं.

"होऊ शकतो. पण हो किंवा नाही म्हणणारा माणूस या खिडकीमागे बसतो, दादा. विचारायचं तर त्याला विचारायचं."

दादा आवकेच्या रजिस्टरवर वाकला होता. त्याच्या ऑफिसातल्या अकरा जणांची नावं यादीत होती, अर्ज चौघांचेच आले होते. बाकीचे सात जण कुठं बसले असतील हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"चल," तो म्हणाला.

मांडवात तो सगळ्यांसमोर उभा राहिला आणि बोलला. "काल मी इथंच रडलो. ही माई दाल बाजारात पापड लाटते. माझ्या बहिणीनं चौकटीसाठी तिचं चित्र केलं होतं, यांनी ते आपल्या फोटोंवर चिकटवलं. माझ्यावरही भरोसा ठेवू नका, निगेटिव्ह मागून स्वतः बघा. पण ते उद्या. आत्ता अर्ज द्या! साध्या कागदावर लिहा, दाखले नंतर जोडा. वीस मिनिटं आहेत. यादी माणसांनी केली आहे, ती माणसांनाच बदलता येईल."

"नास्तिक! माई रूठ जाएगी!" महाराज खुर्चीतून उठून ओरडले.

त्या सातांपैकी दोघं उठले आणि चपला न शोधताच धावत सुटले. पाच जण फोटो छातीशी धरून बसून राहिले. सरोजिनीनं एकेकाजवळ जाऊन, अक्षरशः हात जोडून सांगून पाहिलं. ते महाराजांकडे बघत होते. पाच वाजले तेव्हाही बघत होते.